‘घोरता घोरता एकदम गप होतात’

पत्र : सप्रेम नमस्कार. मी चोपडा तालुक्यातली. आमचे हे ४७ वर्षांचे आहेत. स्वतःची गाडी आहे, केळी भरून इंदूर, दिल्लीकडे जातात. महिन्यातले दहा-बारा दिवस काय ते घरी. घोरणं लग्नापासूनचं, पण दोन-तीन वर्षांपासून घोरता घोरता एकदम गप होतात. छाती हलताना दिसते, पण आवाज नाही. मी मनात मोजते, वीस, पंचवीस… मग मोठ्ठा आवाज करून दचकतात आणि परत घोरायला लागतात. मी घाबरून हलवते, तर उलट माझ्यावरच चिडतात. रात्री तीनदा लघवीला उठतात, शुगर तपासली तर नॉर्मल आली. बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत, तरी वरचा आकडा १६०च्या खाली येत नाही. चहाचा कप हातात असताना पेंगतात. गेल्या महिन्यात बिजासन घाटाच्या अलीकडे झापड आली, गाडी रस्त्याच्या खाली उतरली. क्लीनर ओरडला म्हणून वाचले. सासूबाई म्हणतात, ‘थकेल मानूस घोरसच, त्यामा काय?’ हे म्हणतात, तपासायला गेलो तर लायसन जाईल. मोबाइलवर आलं होतं की शंख फुंकल्याने हे बरं होतं. खरं का? आणि धाकटा सात वर्षांचा, तोही तोंड उघडं टाकून घोरतो. बापाचंच आलं असेल का?

— एक भगिनी, चोपडा तालुका

उत्तर : ताई, आधी कामाचं सांगतो. तपासणी होऊन उपचार सुरू होईपर्यंत त्यांना रात्रीची गाडी चालवू देऊ नका, आणि घाट तर दिवसाही नको. माल थांबत नाही हे मला माहीत आहे. घड कापले की व्यापाऱ्याचे फोन सुरू होतात. पण महिना-दीड महिना बदली ड्रायव्हर ठेवा, पैसे जातील ते जाऊ देत. एकदा क्लीनर ओरडला. दर वेळी तो जागाच असेल असं नाही.

आता आजाराचं. पत्रावरून निदान करता येत नाही, पण तुम्ही लिहिलेलं वाचून कुठल्याही डॉक्टरच्या मनात पहिलं नाव येईल ते ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्नियाचं, म्हणजे झोपेत घसा मिटून श्वास अडण्याचं. त्यातही तुमचं एक वाक्य फार मोलाचं आहे : ‘छाती हलताना दिसते, पण आवाज नाही.’ झोपेत श्वास दोन तऱ्हांनी थांबू शकतो. एकात मेंदूच हुकूम द्यायचा राहतो, मग छाती-पोट सगळंच स्तब्ध होतं. दुसऱ्यात मेंदू हुकूम देतो, छाती जोर लावते, पण वाटेत घसाच बंद असतो. तुम्ही अंधारात बसून जे पाहिलंत ते दुसऱ्या तऱ्हेचं दिसतंय, आणि हीच तऱ्हा जास्त आढळते.

घसा बंद का होतो? नाकामागून स्वरयंत्रापर्यंतच्या नळीला हाडाचा आधार नाही, ती स्नायूंच्या जोरावर उघडी राहते. झोपेत सगळेच स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते, पडजीभ आणि मऊ टाळू खाली लोंबतात. विहिरीवरच्या मोटारीला मऊ सक्शन पाइप लावला तर मोटार जितकी जोरात ओढते तितका पाइप आतून चिकटतो, तसंच इथे होतं. श्वास आत ओढायला छातीने जोर लावला की सैल घसा आणखी मिटतो. थोडा मिटला की कडा थरथरतात, ते घोरणं. पुरता मिटला की तुमची ती शांतता. मग रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू धसकून क्षणभर जागा होतो, घशाचे स्नायू ताणले जातात आणि मोठ्ठा आवाज करत हवा आत घुसते. त्यांना यातलं काही आठवत नाही, कारण ते जागेपण फार थोडं टिकतं.

दहा सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वास थांबला तरच तो तपासणीत मोजतात. तुम्ही वीस-पंचवीस मोजता आहात. तासाला असे सरासरी किती अडथळे येतात त्या आकड्याला एएचआय म्हणतात. श्वास पुरता थांबला नाही पण बराच कमी झाला, तर तेही त्यात धरतात. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० किंवा त्यावर तीव्र. तासाला ३० धरले तर सात तासांत दोनशेच्या वर वेळा झोप तुटते. असा माणूस सकाळी उठतो तो झोपल्यासारखा उठतच नाही. मग चहाच्या कपावर पेंग येणारच.

रात्री तीनदा लघवीचं कोडंही इथेच सुटतं बहुधा. बंद घशाविरुद्ध छाती ओढत राहते तेव्हा हृदयाच्या कप्प्यांवर ताण येतो, आणि त्यातून लघवी वाढवणारं एक संप्रेरक सुटतं. शुगर नाही, मग प्रोस्टेटच असेल, असं म्हणून कित्येक जण वर्षभर ती औषधं घेत बसतात. प्रोस्टेटही तपासा, हरकत नाही, पण झोपेचं आधी पाहा.

बीपीचं जरा सविस्तर सांगतो, कारण जीव तिथे अडकतो. निरोगी माणसाचं बीपी झोपेत दहा ते वीस टक्के उतरतं, हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढीच विश्रांती. श्वास अडणाऱ्या माणसाचं उतरत नाही, कारण प्रत्येक धसक्यासरशी ॲड्रेनलिन सुटतं आणि बीपी उसळी घेतं. रात्रभर हेच चाललं की दिवसाही ते चढलेलं राहायला लागतं. बीपीच्या रुग्णांत साधारण ३० ते ४० टक्क्यांना हा आजार असतो, आणि ज्यांचं बीपी तीन-तीन गोळ्यांनीही आटोपत नाही त्यांच्यात तर त्याहून कितीतरी जास्त. म्हणून डॉक्टर तिसरी गोळी लिहायला लागले की त्यांना झोपेचं सांगा. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नका, त्या लागतातच. याच वाटेने पुढे हृदयाचे ठोके अनियमित होणं, पक्षाघात, इन्सुलिनला शरीर दाद न देणं, चिडचिड, विसराळूपणा, पुरुषांत कामेच्छा आणि ताकद कमी होणं असं बरंच येतं. शेवटचं कुणी पत्रात लिहीत नाही, म्हणून मीच लिहिलं.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. थकलेला माणूस घोरतो. नुसत्या घोरण्याला मी आजार म्हणणार नाही. पण थकलेल्या माणसाचा श्वास घोरता घोरता अडत नाही, आणि पोटभर झोपून उठल्यावर तो पेंगत नाही. त्यांना पटायला हवं असेल तर बप्पी लाहिरींचं नाव सांगा. ते २०२२ मध्ये गेले तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी याच आजाराचं नाव घेतलं होतं. आणि हे विरळाही नाही. दिल्लीच्या एम्समधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये भारतातले बरेच अभ्यास एकत्र करून हिशेब मांडला, तेव्हा प्रौढांत सुमारे ११ टक्के प्रमाण निघालं, पुरुषांत १३ आणि बायकांत ५. कामाच्या वयातली दहा कोटींवर माणसं झाली ती. जगात ३० ते ६९ वयोगटात हा आकडा ९३ कोटींच्या वर असल्याचा अंदाज २०१९ मध्ये आला होता. यातल्या बहुतेकांना माहीतच नाही, कारण आजार झोपेत होतो आणि पाहणारं माणूस शेजारी असावं लागतं.

बायकांचा ५ टक्क्यांचा आकडा मला स्वतःला जरा कमी वाटतो. बायका ‘श्वास थांबतो’ अशी तक्रार घेऊन येत नाहीत. झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं, अंगात त्राण नाही, असं सांगतात, आणि रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या घेऊन घरी जातात. शिवाय बाई घोरते हे सांगायला नवऱ्याला लाज वाटते! पाळी गेल्यावर हा धोका वाढतो. सासूबाई स्वतः कशा झोपतात तेही एकदा कान देऊन ऐका.

तुम्ही म्हणाल, हे काही फार जाड नाहीत. नसतील. वजन, विशेषतः मानेभोवतीची चरबी, हे मोठं कारण आहे, पण एकटं नाही. लहान किंवा मागे गेलेला खालचा जबडा, मोठी जीभ, नाकाचं वाकडं हाड, वाढलेले टॉन्सिल, थायरॉइड कमी असणं, बिडी-सिगरेट, हे सगळं त्यात भर घालतं. आपल्याकडे बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २३ झाला की वजन जास्त धरतात आणि २५ला लठ्ठपणा, परदेशातले आकडे आपल्याला लागू नाहीत. टेलरची टेप घेऊन त्यांच्या मानेचा घेर मोजा. पुरुषाचा ४० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण पावणेसोळा इंचांच्या वर गेला की संशय वाढतो. शर्टाचं वरचं बटण लागेनासं झालंय का, हे तर टेपशिवायही कळेल.

आता तुमचं काम. डॉक्टरसमोर बसून ते ‘मला काही त्रास नाही’ असंच म्हणणार. खोटं बोलतात असं नाही, त्यांना खरंच माहीत नाही. पेंग मोजायला आठ प्रश्नांची एक प्रश्नावली असते : बसून वाचताना, टीव्ही पाहताना, जेवणानंतर निवांत बसल्यावर, सिग्नलला गाडी थांबल्यावर डुलकी येते का, असं विचारतात आणि प्रत्येकाला शून्य ते तीन गुण देतात. बेरीज दहाच्या वर गेली की लक्ष द्यायचं. ड्रायव्हर लोक ती भरताना सगळीकडे शून्य लिहितात, पोटाचा प्रश्न असतो. म्हणून तुम्ही सोबत जा, आणि जमलं तर क्लीनरलाही न्या. केबिनमध्ये तो त्यांच्या बाजूला झोपतो, त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल.

जाण्याआधी मोबाइलवर व्हिडिओ काढा. खोलीत मंद दिवा असू द्या, फोन उशीला टेकवून असा ठेवा की तोंड आणि छाती दोन्ही दिसतील. उन्हाळ्यात गच्चीवर झोपत असाल तर पंख्याचा आणि वाऱ्याचा आवाज येतो, त्या रात्री नको. पहाटेच्या सुमाराला काढा. स्वप्नांची झोप तेव्हा जास्त असते, त्या झोपेत स्नायू सर्वांत सैल पडतात आणि श्वास लांब अडतो. दोन-तीन मिनिटं पुरे. आवाज थांबल्यापासून परत येईपर्यंतचा एक तुकडा त्यात आला पाहिजे. आदल्या रात्री घेतली होती का, पाठीवर झोपले होते का, तेही लिहून ठेवा. आणि तो व्हिडिओ कृपा करून घरच्या ग्रुपवर टाकू नका. माणूस दुखावला की दवाखान्याच्या पायरीला पाय लावत नाही.

छातीच्या डॉक्टरकडे किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, पण झोपेची तपासणी तिथे होते का हे फोन करून विचारूनच निघा. मोठी तपासणी असते तिला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात, डोक्याला-छातीला वायरी लावून एक रात्र तिथे झोपायचं. आता घरीच करायची छोटी तपासणीही मिळते. बोटाला चिमटा, नाकाशी बारीक नळी, छातीला पट्टा, आणि आपल्या खाटेवर झोपायचं. तुम्ही सांगताय तितकी ठळक लक्षणं असली की बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं.

लायसनची भीती काढून टाका. रिपोर्ट तुमच्या हातात येतो, आरटीओकडे जात नाही. उलट उपचार न घेता हा आजार अंगावर काढणाऱ्या ड्रायव्हरला अपघाताचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट ते अडीचपट असतो, आणि त्या अपघातात समोरचाही कुणीतरी असतो. हे त्यांना सांगाल तेव्हा रागावून नका सांगू.

उपचारात मुख्य म्हणजे सीपॅप नावाचं मशीन. नाकावर मास्क लावून हवेचा हलका दाब देत राहायचं, त्याने घसा मिटत नाही. हे ऑक्सिजनचं मशीन नव्हे. कोविडपासून नाकाला नळी दिसली की लोक घाबरतात. साधी खोलीतलीच हवा आहे ती, सवय लागून शरीर लाचार वगैरे होत नाही. सिडनीच्या डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपाय पहिल्यांदा मांडला, सुरुवातीच्या मशीनना व्हॅक्युम क्लीनरची मोटार होती. आताची मशीन हातात मावतात, आवाज जवळजवळ नसतो.

पण वापरण्यातच खरी मेख आहे. पहिल्या आठवड्यात बहुतेक जण मास्क रात्री काढून फेकतात. दिवसा टीव्ही पाहताना अर्धा तास लावून बसायचं, मग झोपताना. जाड मिशी असेल तर मास्क कडेने गळतो, तेव्हा नाकपुड्यांत बसणारा प्रकार मागा. मिशी काढा म्हटलं तर खान्देशात मशीनच परत जाईल! आपल्याकडच्या धुळीत फिल्टर लवकर भरतो, तो वेळेवर साफ करा किंवा बदला. लाइट जाते तिथे इन्व्हर्टरवर चालतं, आणि गाडीच्या बॅटरीवर चालवायचे अडॅप्टरही मिळतात, केबिनमध्ये झोपणाऱ्याला ते लागणारच. मशीन स्वस्त नाही, म्हणून आधी भाड्याने मिळतं का ते पाहा. रोज निदान चार तास तरी लावायला हवं, आणि पूर्ण झोपभर लावलं तर उत्तम. दिवसाची पेंग काही दिवसांतच उतरते, बीपीही थोडं खाली येतं. मशीन लावलं म्हणजे हार्ट ॲटॅक टळला, अशी हमी मात्र मी देणार नाही. २०१६ मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासात ती दिसली नाही, अर्थात त्यातले लोक रात्री सरासरी साडेतीन तासही मशीन लावत नव्हते. सौम्य-मध्यम आजारात जबडा पुढे धरणारं दातांचं साधनही चालतं, ते दंतवैद्य बनवून देतात. ऑपरेशन काहींनाच लागतं.

घरी लगेच करता येण्यासारखं : कुशीवर झोपणं. कुडत्याच्या पाठीला खिसा शिवून त्यात रबरी चेंडू ठेवा, पाठीवर वळले की टोचेल. सैल बाजेवर कूस टिकत नाही, घट्ट गादी द्या. झोपण्याआधी तीन-चार तास दारू नको, कारण तिने घसा आणखी सैलावतो. मेडिकलवरून आणलेली झोपेची गोळी तर अजिबात नको. वजन दहा टक्के उतरलं तर अडथळे साधारण पाव हिश्शाने कमी होतात. ढाब्यावरची तर्रीची शेवभाजी सोडा म्हणणार नाही, पण रात्री अकराला तीन पोळ्यांबरोबर खाऊन लगेच आडवं होणं सोडता येईल. टिर्झेपटाइड नावाच्या वजनाच्या इंजेक्शनला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ माणसांतल्या या आजारासाठी मान्यता मिळाली, ते डॉक्टरांना विचारा, स्वतः आणू नका. आणि तोंडाला चिकटपट्टी लावून झोपायचा जो प्रकार मोबाइलवर चाललाय तो करू नका. घसा अडतोय, त्यात तोंडही बंद करायचं?

शंखाचं म्हणाल तर ती नुसती अफवा नाही. जयपूरला ३० रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून निदान पाच दिवस, रोज पंधरा मिनिटं, सहा महिने शंख फुंकणाऱ्यांची दिवसाची पेंग कमी झाली आणि तासाला चार-पाच अडथळे घटले. घशाचे स्नायू कसतात, यात तथ्य आहे. पण यांचा आकडा समजा ४० निघाला, तर सहा महिन्यांनी तो ३५ होईल, आणि ३५ म्हणजे तीव्रच. देवघरात शंख असेल तर फुंकू द्या, मशीनच्या जोडीला.

राहिला धाकटा. चेहऱ्याची-जबड्याची ठेवण बापाकडून येते हे खरं, पण या वयात मूळ बहुतेकदा टॉन्सिल आणि नाकामागच्या ॲडेनॉइडच्या वाढीत असतं. मुलांचं गणित मोठ्यांपेक्षा वेगळं आहे. तासाला एखादा अडथळाही त्यांच्यात जास्त धरतात, आणि झोप मोडलेलं मूल पेंगत नाही, उलट चुळबुळ करतं, चिडतं, एका जागी बसत नाही, मार्क घसरतात. अंथरूण ओलं करतो का, मान मागे टाकून किंवा पालथं झोपतो का, झोपेत घामाघूम होतो का, हे पाहून ठेवा, शाळेतल्या बाईंनाही विचारा. टॉन्सिल कारण असेल तर ते काढल्यावर बरीच मुलं सुधारतात. त्याला वडिलांच्या तपासणीसाठी थांबवू नका, त्याच दिवशी त्याच ओपीडीत दोघांचे केसपेपर काढा, आणि त्याचाही एक व्हिडिओ न्या.